मारलं खरं, पण किती?

(नवी मुंबईत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते वकीलसाहेब आयुष्यभर फौजदारी बाजू लढले. मारहाणीच्या केसमधला अशील समोर येऊन बसला की "तू मारलंस का?" असं ते विचारत नसत. "शर्ट काढ, तुला कुठं कुठं लागलंय ते आधी दाखव," हे त्यांचं पहिलं वाक्य. गंभीर मारहाणीच्या आरोपातला निम्मा बचाव त्या एका वाक्यात आहे. आज त्याच बचावाबद्दल बोलायचं आहे.

आरोपीच्या वकिलाला घरच्या लग्नकार्यातसुद्धा हमखास एक प्रश्न विचारला जातो. "त्यानं मारलंय हे ठाऊक असून तुम्ही त्याला सोडवता कसे?" विचारणारा प्रामाणिक असतो, म्हणून उत्तरही सरळ दिलं पाहिजे. चोरीच्या किंवा दरोड्याच्या खटल्यात मुख्य वाद असतो तो कोणी केलं याचा. मारहाणीत बहुधा तो वाद नसतोच. माणसं एकमेकांना ओळखत असतात, शेजारी असतात, भाऊबंद असतात, एकाच नाक्यावर गाडी लावणारी असतात. तिथे खरा वाद असतो तो किती मारलं, कशानं मारलं, काय मनात धरून मारलं आणि त्याआधी काय घडलं याचा. माणसानं मारलेलं असतं आणि तरीही त्याच्यावर ठेवलेला आरोप खरा नसतो. वकिली करताना मला सगळ्यात जास्त भेटलेली परिस्थिती हीच आहे, आणि समाजाला सगळ्यात कमी कळलेलीही हीच.

कायद्यानं मारहाणीच्या पायऱ्या केल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे आकडे बदलले. पायऱ्या जवळजवळ त्याच राहिल्या. कानाखाली वाजवली, ढकललं, ओठ फुटला, की कलम ११५(२). एक वर्षापर्यंत शिक्षा, अदखलपात्र. पोलीस एनसी घेतात आणि कोर्टात जा म्हणून सांगतात. हाड मोडलं किंवा दात पडला, तर ती गंभीर दुखापत. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत. घातक हत्यारानं साधी दुखापत केली तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत. घातक हत्यारानं गंभीर दुखापत केली तर ११८(२), किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं किंवा जन्मठेप. आणि सर्वांत वर कलम १०९, खुनाचा प्रयत्न. दहा वर्षांपर्यंत, आणि त्या प्रयत्नात समोरच्याला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. हेच जुनं ३०७. कोर्टाच्या आवारात, पोलीस ठाण्यात आणि चहाच्या टपरीवर अजूनही सगळे तीनशेसातच म्हणतात, मीही आज तसंच म्हणणार आहे.

पार्किंगवरून झालेलं एकच भांडण या पाचांपैकी कुठल्याही पायरीवर बसू शकतं. आणि कुठल्या पायरीवर बसलं त्यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. एनसीतला माणूस रात्री घरी जेवतो. तीनशेसातचा माणूस पोलीस कोठडीतून तळोजा कारागृहात जातो. तपासासाठी पोलिसांना ९० दिवस मिळतात, तोवर चार्जशीट यायची वाट बघायची. औद्योगिक पट्ट्यात कंत्राटावर असेल तर त्याचा गेटपास पहिल्याच आठवड्यात बंद होतो. पुढे दोषी ठरला आणि पहिलाच गुन्हा असला, तरी १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची जी सोय आहे, ती जन्मठेपेच्या गुन्ह्याला नाही. म्हणून पायरीचा वाद हा तांत्रिक वाद नाही. कलमाचा आकडा एका घराच्या दहा वर्षांचा हिशेब ठरवतो.

लोक जखम रक्तावरून मोजतात, कायदा हाडावरून मोजतो. गंभीर दुखापतीचे आठ प्रकार कलम ११६ मध्ये दिले आहेत. डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं वगैरे. शेवटच्या प्रकारात जिवाला धोका किंवा ठरावीक दिवस असह्य वेदना. पूर्वी ते वीस दिवस होते, आता पंधरा. डोक्याची कातडी फाटली की रक्ताची धार लागते, बघणाऱ्यांचा थरकाप उडतो. पण कवटी शाबूत असेल तर बऱ्याचदा ती साधी दुखापत असते. उलट एक बुक्की बसून नाकाच्या हाडाला केसाएवढी चीर गेली, तर रक्त येवो न येवो, सात वर्षांचं कलम लागू शकतं.

हत्यार घातक की नाही हेही प्रत्येक वेळी तपासावं लागतं. दगड घातक हत्यार आहे का? २००५ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते दगडाच्या आकारावर, टोकावर, वापरण्याच्या पद्धतीवर ठरेल. माणसाचे दात? चाव्यानं बोटाचं पेर तुटलं तरी दात हे घातक हत्यार नव्हे, असं २००४ मध्ये त्याच न्यायालयानं ठरवलं.

आता तीनशेसात. सरकारी वकील या कलमात ज्या निवाड्याचा आधार घेतात तो आपल्याच राज्याचा आहे, महाराष्ट्र शासन विरुद्ध बळराम बामा पाटील, १९८३. जखम जीवघेणी असलीच पाहिजे असं नाही, इरादा महत्त्वाचा, असं तो निवाडा सांगतो. ते योग्यच आहे. २२ जुलै १९३१ ला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावला, गोगट्यांना मात्र आठ वर्षांची शिक्षा झाली. जखम नाही म्हणून प्रयत्न नव्हता, असं तिथे कोण म्हणू शकलं असतं? पण बळराम पाटील निवाड्याची दुसरी बाजू बचावाच्या वकिलानं ठणकावून मांडायची असते. जखमेवर सगळं अवलंबून नाही, तर इराद्यावर सगळं अवलंबून आहे. आणि इरादा गृहीत धरता येत नाही, तो शाबीत करावा लागतो. हत्यार कोणतं, बरोबर आणलेलं की हाताला लागलेलं, वार कुठे, किती, किती जोरानं, आणि मारणारा आपणहून थांबला की त्याला धरून थांबवावं लागलं. या शेवटच्या प्रश्नाकडे फार थोडे वकील लक्ष देतात. खाली पडलेल्या माणसाला सोडून जो चालू लागतो, आणि वाट अडवणारं तिथे कुणी नसतं, त्याला जीव घ्यायचा होता हे पटवून देणं सोपं नाही. २०१९ च्या मध्य प्रदेश शासन विरुद्ध लक्ष्मी नारायण या निवाड्यातही सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की फिर्यादीत ३०७ चा आकडा लिहिला म्हणून काम भागत नाही. वार नाजूक भागावर होता का, हत्यार कसलं होतं, हे बघायला हवं.

आपल्याकडच्या फिर्यादी वाचलेल्या माणसाला एक वाक्य पाठ झालेलं असतं. "आज तुला जिवंत सोडणार नाही, असे म्हणून, जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने." कोपरखैरण्याचं भांडण असो, उरणचं असो, वाक्य तेच. कधी ते खरोखर उच्चारलेलं असतं. पुष्कळदा ते लिहिणाऱ्याच्या लेखणीतून आलेलं असतं, कारण त्याशिवाय वरची पायरी गाठता येत नाही. ते वाक्य खरं की भरीचं हे कसं ओळखायचं? जखमी माणूस पोलिसांकडे जाण्याआधी बहुधा दवाखान्यात गेलेला असतो. तिथे एमएलसी रजिस्टर असतं, केसपेपर असतो. डॉक्टर विचारतात, काय झालं, कशानं लागलं, आणि तो सांगतो. ती त्याची पहिली हकिकत. अजून कुणी सल्ला दिलेला नसतो, नात्यातलं कुणी "हेही लिही" म्हणालेलं नसतं. त्या दोन ओळी आणि फिर्यादीची दोन पानं शेजारी ठेवून वाचली, की फिर्यादीत काय वाढलं ते दिसतं.

एक प्रकरण जरा जवळून सांगतो. नावं नाहीत, आणि ओळख पटेल असा तपशील मी काढून टाकला आहे. एका बाजारात गाडी भरण्याच्या नंबरावरून दोन माणसांची जुंपली. फिर्याद अशी, की आरोपीनं गाडीतून कोयता काढून डोक्यात घातला. तीनशेसात लागला. जामीन नाकारला गेला. चार्जशीट आल्यावर मी केसपेपर काढून बसलो. जखमेपुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं सीएलडब्ल्यू, पाच सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर. सीएलडब्ल्यू म्हणजे बोथट वस्तूनं ठेचून फाटलेली जखम. कोयत्याची जखम कापलेली असते, तिच्या कडा स्वच्छ असतात. मात्र डोक्यावर एक गफलत होते. तिथे कातडी कवटीवर ताणून बसलेली असते, त्यामुळे दांडक्यानंही ती कापल्यासारखी सरळ फाटते. घाईत बघणारा चकतो. भिंगातून पाहिलं तर बोथट माराच्या जखमेत केसांची मुळं चिरडलेली दिसतात, आणि दोन्ही कडांमध्ये पेशींचे बारीक धागे न तुटता राहिलेले असतात. कोयता असता तर ते धागे राहिले नसते. डॉक्टरांची उलटतपासणी मी अत्यंत आदरानं घेतली. त्यांनी रात्रपाळीत आपलं काम चोख केलं होतं, शब्द बरोबर लिहिला होता. तो नंतर कुणी वाचलाच नव्हता.

दुसरी गोष्ट आरोपीच्या डाव्या हाताची. अटकेच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत "डाव्या हाताला सूज" एवढीच नोंद होती. तुरुंगात असताना एक्स-रे निघाला, त्यात मनगट आणि कोपर यांच्या मध्यावर अल्ना हे एकच हाड मोडलेलं होतं. माणूस पडला तर बहुधा मनगटाजवळ मोडतं. मधोमध एकटं अल्ना मोडतं ते डोक्यावर येणारा दांडा आडवा हात धरून झेलताना. म्हणजे याच्यावर आधी, निदान त्याच वेळी, कुणीतरी दांडा उगारला होता. फिर्यादीत त्याचा उल्लेख नाही, साक्षीदारांच्या जबाबात नाही, पंचनाम्यात नाही. लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे, की त्याच घटनेत आरोपीच्या अंगावर झालेल्या ठसठशीत जखमांचा खुलासा सरकार पक्षानं केला नाही, तर घटनेचं मूळ त्यांनी दडवलं असा अर्थ निघू शकतो. तोच निवाडा मी पुढे ठेवला.

तो निर्दोष सुटला नाही. सुटायला नकोही होता. दांडा हिसकावून घेतल्यावर, समोरचा रिकाम्या हातानं मागे सरत असताना, यानं त्याच्या डोक्यात मारलं होतं. स्वसंरक्षणाचा हक्क धोका संपला की संपतो. कोर्टानं तीनशेसात काढलं, जुन्या ३२४ खाली, म्हणजे आताच्या ११८(१) च्या पायरीवर, दोषी धरलं, आणि भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा धरली. खऱ्या पायरीवर तो आला. पण तिथे येईपर्यंत घरच्यांनी टेम्पो विकला होता. केसपेपरवरचा तो एक शब्द पहिल्या आठवड्यात वाचला गेला असता तर जामिनाचा निकाल वेगळा लागला असता, असं मला आजही वाटतं.

स्वसंरक्षणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण याच मुद्द्यावर आरोपी स्वतःच्या हातानं आपला खटला बुडवतात. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ या हक्काची आहेत. गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. हातघाईत सापडलेल्या माणसानं किती जोर लावला याचा बारीक हिशेब नंतर थंड डोक्यानं मागायचा नसतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१०, या निवाड्यात ती तत्त्वं एकत्र मांडलेली सापडतील. अपवाद शाबीत करण्याचा भार आरोपीवर आहे खरा, पण सरकार पक्षाइतका जड नाही. आपली हकिकत जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. मग बुडतं कुठे? जुन्या ३१३ च्या, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम ३५१ च्या जबाबात. साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक गोष्ट विचारतात. आणि आपला आरोपी प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे", "माहीत नाही" म्हणत सुटतो. उलटतपासणीत वकिलानं म्हणायचं, यानं जीव वाचवायला मारलं. आणि यानं म्हणायचं, मी तिथे नव्हतोच. न्यायाधीशांनी यातलं काय धरायचं? मारलं हे कबूल करायची भीती वाटते, ती मी समजू शकतो. पण स्वसंरक्षण सांगायचं तर मारल्याची गोष्ट आधी सांगावी लागते. अशिलाला हे समजावणं, त्याच्या बायकोला, आईला समजावणं, यात जाणारा वेळ हाच वकिलीतला सर्वांत महत्त्वाचा वेळ आहे.

एकाच भांडणाच्या दोन केस होतात तेव्हा आणखी घोळ होतो. जो आधी पोहोचला तो फिर्यादी, जो नंतर पोहोचला तो आरोपी. पहिल्याचा एफआयआर, दुसऱ्याची एनसी. वास्तविक क्रॉस केस असतील तर त्या दोन्ही एकाच न्यायाधीशापुढे, पाठोपाठ चालवून निकाल एकत्र द्यावेत, असं सुधीर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. एकच भांडण दोन कोर्टांत दोन तऱ्हेनं दिसू नये म्हणून ही काळजी. पण दुसऱ्याच्या हाताचा एक्स-रे त्या रात्री निघालाच नसेल, तर त्याची क्रॉस केस उभी राहणार कशाच्या बळावर?

आजकाल सगळ्यांचा भरवसा सीसीटीव्हीवर. आपल्या शहरात सोसायटीच्या गेटवर, दुकानावर, टोलनाक्यावर कॅमेरे आहेत. पण डीव्हीआर स्वतःवरच पुन्हा लिहीत जातो. काही आठवड्यांत ती रात्र पुसली जाते. पोलीस फिर्यादीला पूरक तेवढा तुकडा घेतात अशी आरोपीकडच्यांची तक्रार असते. तक्रार करत बसण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी पत्र, पोलिसांना अर्ज, आणि गरज पडली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टात अर्ज करून चित्रण जपून ठेवायला लावायचं. आणि प्रमाणपत्र विसरायचं नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या २०२० च्या प्रकरणात, मूळ उपकरण हजर केलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे पक्कं झालं. बचाव पक्षानं आणलेल्या पेनड्राइव्हलाही तोच नियम.

आता अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांकडे येतो. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. वाशी-ऐरोलीचा माणूस ठाणे जिल्ह्याचा, कळंबोलीचा रायगडचा. इकडच्याला बेलापुरात आणतात, ज्याला लोक अजून वाशी कोर्ट म्हणतात, तिकडच्याला पनवेलला. रविवारी सुट्टीच्या कोर्टापुढे नेलं तर घरच्यांना नेमकं कुठे जायचं तेही माहीत नसतं. जेवणाचा डबा घेऊन आई एका कोर्टात आणि पोरगा दुसऱ्या कोर्टात, हे मी पाहिलेलं आहे. पुढे तारखेला "एस्कॉर्ट पार्टी मिळाली नाही" म्हणून आरोपी हजरच होत नाही, पडद्यावर चेहरा दाखवून तारीख पडते, आणि वकील-अशिलाचं बोलणं राहून जातं.

या चोवीस तासांसाठी महाराष्ट्रातूनच गेलेल्या तीन प्रकरणांनी देशाला कायदा दिला आहे. १९७८ च्या होस्कोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गरीब कैद्याला सरकारी खर्चानं वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, ती मेहेरबानी नाही, असं बजावलं. २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं त्याच निकालात सांगितलं, की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं जाईल त्या क्षणी त्याला वकिलाचा हक्क सांगणं आणि वकील नसेल तर देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. शहरावर चालून आलेल्या माणसाच्या खटल्यात हे लिहिलं गेलं, याचा मला अभिमान वाटतो. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या निवाड्यानं अटकेची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत देणं सर्व गुन्ह्यांना लागू केलं. तत्काळ देता आली नाहीत तर निदान रिमांडच्या दोन तास आधी. ते दोन तास वकिलासाठी आहेत. तेवढ्यात कागद वाचायचा, अशिलाच्या अंगावरच्या जखमा बघायच्या आणि "माझ्या अशिलाची वैद्यकीय तपासणी पुन्हा करावी" हा अर्ज लिहायचा.

आपल्या या भूमीतला सर्वांत मोठा बचाव मात्र या सगळ्यांच्या आधीचा आहे. २५ सप्टेंबर १९३० ला तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या रानात, जंगल सत्याग्रहाला जमलेल्या आगरी-कोळी, कातकरी, कुणबी माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्याच गोंधळात सरकारचे मामलेदार जोशी हेही मारले गेले. सरकारनं खटला भरला तो सत्याग्रहींवर. मेलेही तेच, आरोपीही तेच. बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चिरनेरच्या स्मारकाला आपण दरवर्षी हार घालतो, ते योग्यच. पण जमाव, गोळीबार आणि मृत्यू झाल्यावर सरकारची पहिली हकिकत हीच खरी हकिकत मानायची का, हा प्रश्न विचारणारे वकील त्या माणसांना मिळाले होते, हेही तिथे उभं राहून आठवावं.

त्याच बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत एक नवं कलम मांडलं, जे आज अनुच्छेद २२ म्हणून आपल्यापुढे आहे. अटकेचं कारण सांगा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्या, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या. या कलमाला काहींनी विरोधही केला, अपुरं म्हणून टीकाही झाली. पण आज पनवेलच्या रिमांड कोर्टात उभा राहणारा एखादा ज्युनियर ज्या कलमावर पाय रोवून बोलतो ते कलम तिथून आलं.

आणि तरीही वकिलानं वकीलपत्र घेऊच नये असा दबाव आजही येतो. २००९ मध्ये कसाबचं वकीलपत्र घेण्याची तयारी दाखवणाऱ्या अंजली वाघमारे यांच्या वरळीच्या घरासमोर जमाव गेला. त्याच खटल्यातल्या एका सहआरोपीचे वकील शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या. त्यांचा तो अशील पुढे निर्दोष ठरला, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ते कायम राहिलं. वकील संघांनी अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे ठराव करणं बेकायदेशीर आहे, असं २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. बार कौन्सिलचा नियमही तेच सांगतो: आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, बचाव करायचा.

बचावाला मर्यादाही आहेत, त्या मी तितक्याच ठामपणे सांगतो. साक्षीदार फोडणं हा बचाव नव्हे. जखमी माणसाच्या साक्षीला न्यायालयं विशेष वजन देतात, कारण त्याच्या अंगावरची जखम तो तिथे हजर होता याची खूण असते आणि खऱ्या हल्लेखोराला सोडून दुसऱ्याचं नाव तो सहसा घेत नाही. अशा साक्षीदाराला उलटतपासणीत अपमानित करणारा वकील मला आवडत नाही, आणि त्यानं काही साधतही नाही. गावकीत बसवून, मध्यस्थ घालून, "मिटवून टाका" म्हणत दुबळ्या बाजूचा आवाज दाबणं हेही मी बचावात धरत नाही. तडजोड दोन्ही बाजूंना मनापासून हवी असेल, शेजाऱ्यांना पुढेही शेजारीच राहायचं असेल, तर उच्च न्यायालयात रीतसर अर्ज करता येतो. २०१४ च्या नरिंदर सिंग निवाड्यानं तीनशेसातच्या बाबतीतही ते दार मर्यादित प्रसंगी उघडं ठेवलं आहे. कोयत्यानं खरोखर डोकं फोडलेल्या, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरीही मी गेलो आहे. त्याच्या बायकोला मी हेच सांगितलं, की तुमच्या नवऱ्याचा एक्स-रे आणि केसपेपर जपून ठेवा, वाढवून काही सांगू नका. खरी जखम स्वतःच बोलते.

शेवटी या शहराकडे आणि आपल्या बारकडे काही मागणं आहे. मारहाणीच्या प्रत्येक घटनेत दोन्ही बाजूंच्या माणसांची वैद्यकीय तपासणी एकाच रात्री व्हावी आणि तिची प्रत दोघांनाही मिळावी, असा आग्रह आपण आयुक्तालयाकडे धरू या. यासाठी नवा कायदा लागत नाही. दुसरं, बेलापूर आणि पनवेलच्या वकिलांनी सुट्टीच्या दिवशीच्या रिमांडसाठी पाळीपाळीनं एक ज्येष्ठ आणि एक ज्युनियर अशी जोडी ठेवावी. लोकअभिरक्षक कार्यालयातले, म्हणजे मोफत विधी सेवेचे, वकील मनापासून काम करतात, पण रविवारी दुपारी तीन वाजता त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचला पाहिजे. तिसरं तुम्हा नागरिकांसाठी. घरातलं कुणी मारहाणीत अडकलं, फिर्यादी म्हणून असो की आरोपी म्हणून, तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक फिरवा. अटकेत असलेल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे. दवाखान्यात गेलात तर केसपेपरची प्रत मागून घ्या आणि डॉक्टरांना जे घडलं तेवढंच सांगा. अंगावरचे कपडे धुऊ नका. फोनमध्ये काही चित्रण असेल तर ते कुणाला पाठवण्याआधी तसंच्या तसं जपून ठेवा, आणि वकिलाकडे आलात की घडलं ते सगळं सांगा, स्वतःच्या चुकीसकट.